अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी टायपिंग: पहिल्या बटणापासून मराठी इनस्क्रिप्टपर्यंत

अंध मुलाला कीबोर्ड शिकवायचा म्हटलं की घरचे पहिला प्रश्न विचारतात, 'त्याला बटणावरची अक्षरं दिसणार कशी?' उत्तर सरळ आहे: ती दिसायची गरजच नसते. टच टायपिंग म्हणजे कीबोर्डकडे न बघता, बोटांच्या अंदाजाने केलेलं टायपिंग. डोळस माणसालाही ते शिकताना खाली बघायची सवय आधी मोडावी लागते. टाइपरायटरच्या अगदी सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक इटलीत पेलेग्रिनो तुरी याने आपल्या ओळखीच्या एका दृष्टिहीन उमराव स्त्रीसाठी बनवलं होतं. तिने त्यावर लिहिलेली १८०८ सालची पत्रं आजही जपून ठेवलेली आहेत. म्हणजे यंत्रावरचं लेखन आणि अंध माणसं यांचं नातं दोनशे वर्षांहून जुनं आहे.

हे कौशल्य किती महत्त्वाचं आहे, ते परीक्षेसाठी लेखनिक शोधण्याची वणवण केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लेखनिक ऐनवेळी येत नाही, आला तर त्याचं शुद्धलेखन कच्चं असतं, नाहीतर त्याचा वेग कमी पडतो. उत्तर तुमचं असतं, पण कागदावर उतरतं ते त्याच्या हाताने. अर्ज, ईमेल, बँकेला पाठवायचं पत्र, इतकंच काय, मैत्रिणीला लिहायचा खाजगी मजकूरही दुसऱ्याला सांगून लिहून घ्यावा लागतो. टायपिंग हाती आलं की हा मधला माणूस बाजूला होतो.

शिकवताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते आणि हा सगळा लेख तिच्याभोवतीच आहे. डोळस विद्यार्थी बोटांकडे बघत टाइप करतो. अंध विद्यार्थी प्रत्येक अक्षर स्क्रीन रीडरकडून, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामकडून, ऐकतो आणि मगच पुढचं बटण दाबतो. दोन्ही सवयी एकाच जातीच्या आहेत. सुरुवातीला अक्षर ऐकणं आवश्यकच आहे, पण वर्षभरानंतरही बोट कानाची परवानगी घेऊनच पुढे जात असेल, तर ते शिकणं अर्धवट राहिलं.

मजकूर ऐकून वाचणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून या लेखात चित्रं आणि तक्ते ठेवलेले नाहीत. बटणांच्या जागा वाक्यांतच सांगितल्या आहेत.

कीबोर्ड निवडताना

शक्य असेल तर सुरुवात पूर्ण आकाराच्या, यूएसबी वायरच्या साध्या कीबोर्डवर करा. काही शे रुपयांत तो मिळतो आणि लॅपटॉपलाही जोडता येतो. दुकानात तो हातात घेऊन तपासा. 'एफ' आणि 'जे' या बटणांवर बारीक उंचवटा असतो. तो बोटाला चटकन लागला पाहिजे. उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर ५ वरही तसाच उंचवटा असतो. सर्वांत वरच्या ओळीतली फंक्शन बटणं चार-चारच्या तीन गटांत असावीत आणि गटांमध्ये मोकळी जागा असावी. ही जागा असली की एफ-५ किंवा एफ-९ मोजत बसावं लागत नाही. अगदी सपाट आणि सलग बटणांचा कीबोर्ड टाळा.

ब्रेल अक्षरांचे स्टिकर सगळ्या बटणांवर लावावेत का, असं पालक हमखास विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: लावू नयेत. स्टिकर असले की विद्यार्थी प्रत्येक बटण चाचपून वाचतो आणि बोटांना जागा कधीच पाठ होत नाहीत. फार तर एस्केप, डिलीट, एंटर अशा दोन-चार लांबच्या बटणांवर नेलपॉलिशचा थेंब वाळवून खूण करा. मधुमेहामुळे दृष्टी गेलेल्या काही जणांच्या बोटांची संवेदनाही कमी झालेली असते. त्यांच्यासाठी मात्र 'एफ' आणि 'जे'वर जास्त ठसठशीत ठिपका चिकटवायलाच हवा.

संगणक नसेल तरी अडून बसू नका. ओटीजी जोडणीने, म्हणजे यूएसबीची वस्तू फोनला लावायच्या छोट्या जोडणीने, साधा कीबोर्ड अँड्रॉइड फोनला लागतो आणि टॉकबॅक हा फोनमधला स्क्रीन रीडर चालू असेल तर टाइप केलेलं ऐकू येतं. इंग्रजीचा पहिला सराव त्यावर छान होतो.

स्क्रीन रीडर लावून घ्या

विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर घ्या. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. दुसरे दोन स्क्रीन रीडर म्हणजे जॉज आणि नॅरेटर. जॉज विकत घ्यावा लागतो आणि नॅरेटर विंडोजमध्येच असतो. नॅरेटर कंट्रोल, विंडोज आणि एंटर ही बटणं एकत्र दाबली की चालू होतो. पुढचे आदेश एनव्हीडीएचे आहेत. त्यांत 'एनव्हीडीए बटण' म्हणजे इन्सर्ट. लॅपटॉपवर सेटिंग बदलून कॅप्स लॉकलाही ते काम देता येतं.

पहिल्या दिवशी एनव्हीडीए बटण आणि १ दाबा. इनपुट हेल्प चालू होईल. आता कोणतंही बटण दाबलं तरी फक्त त्याचं नाव ऐकू येतं, संगणकावर काहीही घडत नाही. नव्या माणसाला 'माझ्या हातून काहीतरी बिघडेल' ही धास्ती असते. ती घालवायला याहून चांगली सोय नाही. हवं ते, हवं तितकं दाबू द्या. पुन्हा तीच दोन बटणं दाबली की ही सोय बंद होते.

एनव्हीडीए बटण आणि २ ने टाइप केलेली अक्षरं बोलणं चालू-बंद होतं. एनव्हीडीए बटण आणि ३ ने टाइप केलेले शब्द बोलणं चालू-बंद होतं. या दोन आदेशांचं काम पुढे फार आहे, ते आत्ताच पाठ करा.

आवाजाचा वेग सुरुवातीला कमी ठेवा. बी, डी, पी, टी, ई ही नावं कानाला सारखीच वाटतात, तसंच एम आणि एन. शंका आली तर बाणाच्या बटणाने त्या अक्षरावर जा. एनव्हीडीएच्या स्पीच सेटिंगमध्ये कर्सर हलवल्यावर अक्षराचं वर्णन थोड्या वेळाने बोलण्याचा पर्याय आहे. तो चालू केला की क्षणभर थांबल्यावर 'ब्राव्हो', 'डेल्टा' असा खुलासा ऐकू येतो.

आणखी एक काम आधीच उरकून घ्या. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की स्टिकी कीजची चौकट उघडते आणि उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की फिल्टर कीजची. नवशिक्याच्या हातून हे दोन्ही हमखास होतं. चुकून 'होय' म्हटलं गेलं की बटणं दाबूनही अक्षरं येत नाहीत किंवा भलतंच होतं, आणि 'कीबोर्ड बिघडला' म्हणून सगळे हातावर हात ठेवून बसतात. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड इथे जाऊन या दोन्हींचे शॉर्टकट बंद करून टाका.

बसणं आणि कीबोर्डची ओळख

पाय जमिनीला टेकलेले, कोपर साधारण कीबोर्डच्या उंचीला, मनगटं टेबलावर न रेललेली. स्क्रीनकडे बघायचं नसल्यामुळे अनेक जण मान खाली घालून किंवा कान स्पीकरकडे वळवून वाकडे बसतात. पाठदुखी सुरू झाली की सराव सुटतो, म्हणून शिकवणाऱ्याने पहिल्या आठवड्यात याकडे लक्ष द्यावं. हेडफोन लावणार असाल तर एक कान मोकळा ठेवा, म्हणजे शिकवणाऱ्याचं बोलणं आणि बटणांचा आवाजही ऐकू येईल.

आता दोन्ही तळहात कीबोर्डवरून सावकाश फिरवा. खाली मधोमध लांबलचक पट्टी आहे ती स्पेस. ती अंगठ्याने दाबायची. तिच्या वर अक्षरांच्या तीन ओळी, त्यावर आकड्यांची एक आणि सगळ्यात वर थोडी जागा सोडून फंक्शन बटणं. उजव्या बाजूला एंटर, त्याच्या वरच्या अंगाला बॅकस्पेस. डावीकडे वरून खाली टॅब, कॅप्स लॉक, शिफ्ट, कंट्रोल. लॅपटॉपवर डाव्या खालच्या कोपऱ्यात कधी कंट्रोल असतं तर कधी एफएन, म्हणून आपल्या लॅपटॉपवर काय आहे ते इनपुट हेल्पमध्ये ऐकून घ्या.

एक गोष्ट हाताने नीट समजून घ्या: अक्षरांच्या ओळी एकाखाली एक सरळ बसवलेल्या नसतात. वरची ओळ जराशी डावीकडे आणि खालची जराशी उजवीकडे सरकलेली असते. म्हणून 'एफ'वरून वर गेल्यावर लागणारं 'आर' किंचित डावीकडे आहे आणि खालचं 'व्ही' किंचित उजवीकडे. हा तिरकस प्रवास बोटांना कळला नाही तर पुढे शेजारची अक्षरं पडत राहतात.

होम रो

डाव्या हाताची तर्जनी 'एफ'च्या उंचवट्यावर, उजव्या हाताची 'जे'च्या उंचवट्यावर. बाकीची बोटं ओळीने शेजारी टेकवा. डावीकडे करंगळीपासून ए, एस, डी, एफ. उजवीकडे तर्जनीपासून जे, के, एल आणि करंगळीखाली अर्धविराम. हे बोटांचं घर.

नोटपॅड उघडा: विंडोज आणि आर, मग notepad या शब्दाची अक्षरं म्हणजे एन-ओ-टी-ई-पी-ए-डी, मग एंटर. सुरुवातीला हे शिकवणाऱ्याने करून दिलं तरी चालेल. आता तीनदा एफ, स्पेस, तीनदा जे, स्पेस. मग डी आणि के, एस आणि एल, ए आणि अर्धविराम. एका वेळी एकच बोट हलवा, बाकीची घरीच राहू द्या. करंगळी आणि अनामिका नाठाळ असतात. 'ए' दाबताना सगळा हात उचलला जातो. हात उचलायचा नाही, बोटच दाबायचं. पेटी वाजवायला शिकताना पाच बोटं वेगवेगळी हलायला लागेपर्यंत जसं पलटे घोटतात, तसंच हे.

दर ओळीनंतर दोन्ही हात मांडीवर घ्या आणि पुन्हा उंचवटे शोधून बोटं जागेवर बसवा. घर सापडणं हा सरावाचा स्वतंत्र भाग आहे, कारण पुढे बाण, एंटर, एस्केपकडे जाऊन दर मिनिटाला परतावं लागणार आहे. ते जमलं की खऱ्या शब्दांकडे वळा: डी-ए-डी, एस-ए-डी, ए-एस-के, एफ-ए-एल-एल, एस-ए-एल-ए-डी, एफ-एल-ए-एस-के. नुसत्या अक्षरमाळा घोटून कंटाळा येतो. शब्द आला की काहीतरी लिहिल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं महत्त्वाचं आहे.

इथेच एक निदान शिकून ठेवा. डी-ए-डी लिहायला जाऊन एफ-एस-एफ ऐकू आलं, तर तुमचं बोट चुकलेलं नाही, आख्खा डावा हात एक बटण उजवीकडे सरकला आहे. शब्द पुसण्याआधी घर शोधा. अशा वेळी बॅकस्पेस मारत बसणारा पुढचा शब्दही तसाच चुकवतो.

वरची आणि खालची ओळ

वरच्या ओळीत पहिल्यांदा ई आणि आय घ्या. दोन्ही मधल्या बोटांची आहेत: 'डी'वरचं बोट वर गेलं की ई, 'के'वरचं गेलं की आय. ही दोन आली की इंग्रजीचे ढीगभर शब्द खुले होतात. मग तर्जन्यांची आर आणि यू, मग टी आणि वाय, त्यानंतर डब्ल्यू-ओ आणि शेवटी क्यू-पी. प्रत्येक बोट वर जाऊन लगेच घरी परतलं पाहिजे.

खालची ओळ जास्त वेळ घेते आणि तिला तो द्यावा. डाव्या तर्जनीकडे व्ही आणि बी आहेत. बी बरंच लांब उजवीकडे आहे. उजव्या तर्जनीकडे एन आणि एम. एन 'जे'च्या खाली डावीकडे, एम खाली उजवीकडे. झेड, एक्स, सी ही अनुक्रमे करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाची. झेड क्वचितच लागतं, म्हणून त्याचा सराव राहून जातो आणि नंतर कंट्रोल-झेड शोधताना पंचाईत होते.

शिफ्ट दोन आहेत आणि दोन्ही वापरायची. अक्षर उजव्या हाताचं असेल तर शिफ्ट डाव्या करंगळीने, अक्षर डाव्या हाताचं असेल तर उजव्या. एकाच हाताने दोन्ही दाबायची सवय लागली तर मराठीत फार महागात पडते, कारण तिथे शिफ्ट पदोपदी लागतं.

आकडे सगळ्यात शेवटी. पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, एवढा सराव पुरतो. रविवारी तीन तास बसून भरपाई होत नाही.

अक्षर ऐकणं कमी करा

तिन्ही ओळी सावकाश का होईना, पण न अडखळता होऊ लागल्या की अक्षरं बोलणं बंद करा आणि फक्त शब्द बोलणं ठेवा. पहिले काही दिवस अस्वस्थ वाटेल. शब्द चुकीचा ऐकू आला तर तो पुसून पुन्हा लिहा. कोणतं अक्षर चुकलं ते बोटांनाच आठवतंय का, ते बघा. बहुतेक वेळा आठवतं. त्यानंतरच्या टप्प्यात रोजच्या सरावातली पाच मिनिटं शब्द बोलणंही बंद करा. एक पूर्ण वाक्य लिहा, मग एनव्हीडीए बटण आणि वरचा बाण दाबून सगळी ओळ ऐका. लॅपटॉपच्या मांडणीत हाच आदेश एनव्हीडीए बटण आणि एल असा आहे.

याची खरी गरज कुठे पडते ते पासवर्ड भरताना कळतं. पासवर्डच्या चौकटीत स्क्रीन रीडर अक्षर बोलत नाही, फक्त 'स्टार' म्हणतो. तिथे भरवसा बोटांवरच ठेवावा लागतो. अनेक जण केवळ यासाठी आपला पासवर्ड दुसऱ्याला सांगून भरून घेतात. हे किती धोक्याचं आहे, ते वेगळं सांगायला नको.

सरावाला मजकूर कुठून आणायचा, हाही प्रश्न असतो. टायपिंगच्या संस्थांत समोरचा छापील उतारा बघून उतरवतात. आपल्याला तो मार्ग नाही. त्याऐवजी जे पाठ आहे ते लिहा: शाळेतली प्रतिज्ञा, अभंग, भावंडांची नावं, गावाचा पत्ता. मग कोणाला तरी वाक्यं सांगायला लावा किंवा फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या, दोन वाक्यांमध्ये पुरेशी शांतता ठेवून. पूर्ण वाक्य एकदा ऐकायचं, डोक्यात धरायचं, मग लिहायचं. पुढे नोकरीत आणि परीक्षेत हीच सवय उपयोगी पडते. अंधांसाठी बोलणारे टायपिंगचे प्रोग्रामही आहेत, उदाहरणार्थ अमेरिकन प्रिंटिंग हाऊसचा टॉकिंग टायपर. पण ते इंग्रजीपुरते आहेत आणि त्यांच्यावाचून अडत नाही.

मराठी: इनस्क्रिप्टच शिका

इंग्रजी बटणं पक्की झाली की लगेच मराठी घ्या. पर्याय तीन आहेत. फोनेटिकमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी शब्द निवडायचा असतो. डोळस माणसाला सुचवलेल्या शब्दांची यादी एका नजरेत दिसते, आपल्याला ती एकेक करून ऐकावी लागते. रेमिंग्टन मांडणी जुन्या टाइपरायटरवरून आली आहे. तिच्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दाबावी लागते, कारण ती कागदावर डावीकडे दिसते. तिसरी इनस्क्रिप्ट. ती १९८६ च्या सुमारास आखली गेली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात आली. तिच्यात उच्चाराच्या क्रमाने बटणं दाबायची: आधी व्यंजन, मग स्वरचिन्ह. अक्षर कागदावर कसं दिसतं याच्याशी तिला देणंघेणं नाही. ज्याने देवनागरी कधी डोळ्यांनी पाहिलीच नाही त्याच्यासाठी याहून सोयीची मांडणी मला माहीत नाही.

सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन इथे मराठी भाषा जोडा. विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलते आणि एनव्हीडीए ती बोलून दाखवतो. आवाजासाठी एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीकमध्ये मराठी आवाज आहे. तो यांत्रिक वाटतो, पण शिकायला चालतो.

आता मांडणी. ढोबळमानाने स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. उजव्या हाताची होम रो: एचवर प, जेवर र, केवर क, एलवर त, अर्धविरामावर च, त्याच्या पुढच्या अवतरणचिन्हावर ट. शिफ्टसह याच बटणांवर अनुक्रमे फ, ऱ, ख, थ, छ, ठ. म्हणजे र सोडला तर शिफ्ट दाबलं की त्याच व्यंजनाचं महाप्राण रूप मिळतं. वरच्या ओळीत वायवर ब, यूवर ह, आयवर ग, ओवर द, पीवर ज, त्यापुढच्या चौकटी कंसावर ड. शिफ्टसह भ, ङ, घ, ध, झ, ढ.

डाव्या हाताची रचना तर पाहण्यासारखी आहे. होम रोमध्ये इंग्रजी एफवर ऱ्हस्व वेलांटी आणि तिच्या बरोबर वर आरवर दीर्घ वेलांटी. जीवर ऱ्हस्व उकार, वर टीवर दीर्घ उकार. एसवर एक मात्रा, वर डब्ल्यूवर दोन मात्रा. इंग्रजी एवर काना-एक मात्रा, वर क्यूवर काना-दोन मात्रा. डीवर पाय मोडण्याचं चिन्ह म्हणजे हलन्त, वर ईवर काना. याच बटणांना शिफ्ट लावलं की स्वतंत्र स्वर येतात: शिफ्ट-डी अ, शिफ्ट-ई आ, शिफ्ट-एफ इ, शिफ्ट-आर ई.

खालच्या ओळीत एक्सवर अनुस्वार, सीवर म, व्हीवर न, बीवर व, एनवर ल, एमवर स आणि तिरक्या रेघेवर य. शिफ्टसह सीवर ण, एनवर ळ, एमवर श, स्वल्पविरामावर ष.

पहिले शब्द होम रोचेच घ्या: कर, केर, चोर, रोप, तुरे, कुकर. 'कुकर' म्हणजे के, जी, के, जे. हात आलटून-पालटून चालतात आणि लवकरच लय सापडते. मग पुणे: एच, जी, शिफ्ट-सी, एस. मग मराठी: सी, जे, ई, शिफ्ट-अवतरणचिन्ह, आर.

जोडाक्षरांत एक खास अडचण येते आणि ती ब्रेल येणाऱ्यांनाच येते. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, जोडाक्षर लिहिताना हलन्ताचा ठिपका आधी येतो, मग दोन्ही व्यंजनं. इनस्क्रिप्टमध्ये हलन्त दोन व्यंजनांच्या मध्ये येतो. 'चक्र' लिहिताना ब्रेलच्या सवयीने हात 'च'नंतर थेट हलन्ताकडे धावतो. बटणं मात्र अशी आहेत: अर्धविराम, के, डी, जे. च, क, हलन्त, र. हे दर वेळी तोंडाने म्हणत लिहा: 'क, पाय मोड, र'. 'प्रकाश' म्हणजे एच, डी, जे, के, ई, शिफ्ट-एम. 'नमस्कार' म्हणजे व्ही, सी, एम, डी, के, ई, जे. रफार वेगळा शिकावा लागत नाही. उच्चार जसा, तसाच क्रम: 'कर्म' म्हणजे के, जे, डी, सी. क्ष म्हणजे क, हलन्त, ष. ज्ञ म्हणजे ज, हलन्त आणि चौकटी कंस बंद करणाऱ्या बटणावर शिफ्टसह मिळणारा ञ. 'वाऱ्या'मधल्या ऱ्यासाठी शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. इथे साधा र वापरला तर 'वार्या' असा रफार येतो आणि ऐकताना फरक कळतोच असं नाही.

शेवटचं वाक्य मराठी शुद्धलेखनाला सगळीकडे लागू आहे. 'पाणि' आणि 'पाणी', श आणि ष, कधीकधी ल आणि ळसुद्धा यांत्रिक आवाजात वेगळे ऐकू येत नाहीत. म्हणून लिहून झालेला मजकूर एकदा ओळीने ऐका आणि शंकेचे शब्द बाणाने अक्षर-अक्षर तपासा. ब्रेल वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचं शुद्धलेखन पक्कं असतं, ते प्रत्येक अक्षर बोटाला वेगळं लागतं म्हणूनच. टायपिंग आलं म्हणून ब्रेल सोडू नका.

अल्पदृष्टी असेल तर

थोडं दिसत असलेल्यांना हे शिकणं जास्त अवघड जातं, कारण वाकून बघायचा मोह सुटत नाही. मोठ्या अक्षरांचा पिवळा-काळा कीबोर्ड वेळप्रसंगी कामाला येतो, पण त्यावर नाक टेकवून टायपिंग शिकू नका. मान आणि डोळे दोन्ही दुखतील, आणि दृष्टी आणखी कमी होणारा आजार असेल तर काही वर्षांनी सगळं पुन्हा शिकावं लागेल. सरावाच्या वेळी हातांवर हलका रुमाल टाका. दृष्टी वाचवून ठेवा ती स्क्रीनवरचा मजकूर वाचायला. विंडोज आणि अधिकचं चिन्ह दाबून भिंग चालू होतं, विंडोज आणि एस्केपने बंद. स्क्रीन रीडरही सोबत चालू ठेवा. दिसणं आणि ऐकणं दोन्ही वापरण्यात कमीपणा नाही.

वेग आणि परीक्षा

अचूकता आल्याशिवाय घड्याळ लावू नका. घाईत पडलेली चूक पुसायला डोळस माणसापेक्षा आपल्याला जास्त वेळ लागतो, कारण ती आधी ऐकून शोधावी लागते. महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट हा वेग परिचित आहे. दृष्टिहीन उमेदवारांसाठी काय नियम लागू आहेत, ते त्या त्या जाहिरातीत पूर्ण वाचा. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यातलं १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे.

लेखी परीक्षांबाबत केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१८ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ब्रेल, संगणक, मोठी अक्षरं किंवा उत्तरं ध्वनिमुद्रित करणं यांतून निवड करण्याची मुभा, तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आणि संगणकावर परीक्षा देणाऱ्याला तो संगणक एक दिवस आधी तपासू देणं यांचा उल्लेख होता. त्यानंतरच्या सूचनाही पाहून घ्या आणि संगणकाची मागणी फॉर्म भरतानाच लेखी करा. पहिल्यांदा अर्ज करताना मदत हवी असेल तर नॅब म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेची जवळची शाखा किंवा मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र, एक्सआरसीव्हीसी, इथे विचारा.

आदल्या दिवशी संगणक तपासायला जाल तेव्हा स्वतःचा कीबोर्ड न्यायला परवानगी आहे का ते विचारा. नसेल तर तिथल्या कीबोर्डवर एफ आणि जेचे उंचवटे झिजलेले नाहीत ना ते बघा, स्टिकी कीज बंद करून घ्या, मराठी इनस्क्रिप्ट जोडलेलं आहे का आणि स्क्रीन रीडरला मराठी आवाज आहे का ते ऐका. मग एक परिच्छेद लिहून, सेव्ह करून, बंद करून पुन्हा उघडा. पर्यवेक्षकांसमोरच हे सगळं करा, म्हणजे काही अडलं तर दुरुस्तीला त्यांच्या हाती एक रात्र असते.